प्रेसला घातलेला हार

दसऱ्याच्या पूजेचा फोटो तुम्ही दोघांनी घरच्या ग्रुपवर पाहिलात आणि विचारलंत, यात आजी कुठे आहे? तुमच्या वडिलांनी उत्तर दिलं की आजीचे गुडघे दुखतात. माझे गुडघे ठीक आहेत. मी रोज सकाळी तुंगार्लीच्या धरणापर्यंत चालत जाते आणि चालत परत येते. पूजेला मी गेले नाही, कारण मला त्या मशीनपुढे हात जोडायचे नव्हते, आणि ज्याने ते सजवलं त्याच्या हातचा पेढाही नको होता.

एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते, तुम्हाला सोपं जावं म्हणून. हे मराठीत लिहिते आहे. घडलं ते मराठीत घडलं, आणि त्यातला जो भाग मला इंग्रजीत सांगितला गेला तो खोटा होता. सावकाश वाचा. अडलं तर वडिलांना विचारा, म्हणजे त्यांनाही वाचावं लागेल.

आधी प्रेस म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला माझा राग कळणार नाही. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या कापताना तुम्ही मला पाहिलं आहे. पत्र्याचं काम तसंच. खाली एक साचा असतो, त्याला डाय म्हणतात. वरून पोलादाचा ठोकळा येतो, तो पंच. मध्ये पत्रा ठेवायचा, पंच खाली येतो, पत्रा कापला जातो किंवा वाकवला जातो. तुमच्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने परंदवडीच्या रस्त्याला शेड टाकून शॉप सुरू केलं तेव्हा हाताचा प्रेस होता. वर आडवा दांडा, त्याच्या टोकांना लोखंडी गोळे, माणूस तो दांडा ओढून फिरवायचा आणि पंच खाली जायचा. जितका जोर तुमच्या दंडात, तितकाच त्या पंचात. आताचा प्रेस मोटरवर चालतो. बाजूचं जड चाक सारखं फिरत असतं, पायाखाली पेडल असतं. पेडल दाबलं की पंच आला. तो कुणाच्या दंडाला विचारत नाही.

म्हणून मोठ्या प्रेसला सेन्सर लावतात. दोन खांब, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि त्यांच्यामध्ये न दिसणारे किरण. किरणांच्या आड हात आला, बोट आलं, नुसती ओढणी आली तरी पंच जिथे असेल तिथे थांबतो. ज्या मोठ्या कंपनीला आपल्या शॉपचा माल जातो त्यांची ती अट आहे. हा सेन्सर बंद करता येतो, पण त्याला वेगळी किल्ली लागते, आणि ती किल्ली फक्त मालकाकडे असावी, अशीही त्यांची अट आहे. मालक म्हणजे आता माझा पुतण्या, तुमचे काका, जे तुम्हाला विमानतळावर घ्यायला येतात आणि चॉकलेटी चिक्की देतात.

आपल्या शॉपची पद्धत अशी की खंडेनवमीला सगळी मशीन धुवून पुसून, हळदकुंकू लावून बंद ठेवायची आणि दसऱ्याला मुहूर्त साधून एकेकदा चालवायची. गेल्या वर्षी दसऱ्याला मी होते. आरतीचं तबक माझ्या हातात होतं. मोठ्या प्रेसला झेंडूचा जाड हार घातला होता, सेन्सरच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, दाराला तोरण बांधतात तसा. पुतण्याने पेडलवर पाय ठेवला. प्रेस हलला नाही. पुन्हा ठेवला. हलला नाही. चाक फिरत होतं आणि वर लाल दिवा लागला होता. फुलं किरणांच्या आड येत होती. तिथे कुणाचा तरी हात आहे असं समजून मशीन थांबलं होतं. त्या दिवशी त्या शेडमध्ये शहाणपणा फक्त त्याच्यातच होता.

सुपरवायझर म्हणाला, हार जरा वर सरकवतो. माझी जाऊ, म्हणजे पुतण्याची आई, म्हणाली की घातलेला हार ऐन मुहूर्ताला ओढायचा नसतो, तो सुकून आपला आपण पडू द्यावा.  पुतण्याने खिशातून जुडगा काढला, गाडीच्या किल्लीशेजारची लहानशी किल्ली पॅनेलला लावली आणि फिरवली. लाल दिवा गेला. पंच खाली आला, पत्र्याची पहिली पट्टी पडली, टाळ्या वाजल्या, नारळ फुटला.

मी तिथेच विचारलं, हे परत चालू कधी करणार?

“काकू, दोन मिनिटांचं काम आहे. हार उतरला की करतो.”

दिवाळीत तो फराळाचा डबा घेऊन लोणावळ्याला आला तेव्हा मी पुन्हा विचारलं. चकली मोडता मोडता तो म्हणाला, “कधीच केलं. तुम्ही अजून तेच धरून बसलात?” मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मी विषय बदलला आणि त्याला आणखी चकल्या वाढल्या.

केलं नव्हतं. खरं काय घडलं ते मला पुढे सुपरवायझरने सांगितलं. दसऱ्यानंतर माल द्यायची घाई होती आणि हार तर काढायचा नव्हता, म्हणून काम तसंच सुरू झालं. मग लक्षात आलं की सेन्सर नसला की माल जास्त निघतो. तो सारखा अडवत नाही, बाही मध्ये आली, पत्रा तिरका गेला म्हणून थांबत नाही. हार सुकला, काळा पडला, गळून गेला. किल्ली तशीच राहिली. “मॅडम, ती फिरवायची तर साहेबांनीच,” तो म्हणाला. “किल्ली साहेबांकडं.” त्याने साहेबांना कितीदा आठवण करून दिली हे मी त्याला विचारलं. तो पायातल्या बुटांकडे बघत राहिला.

दसऱ्यानंतरच मोठ्या प्रेसवरचा ऑपरेटर चाकणला दुसऱ्या नोकरीवर गेला आणि त्याच्या जागी पॅकिंगमधली एक बाई बसवली. परंदवडीचीच, तुमच्या आईपेक्षा लहान, मुलगी शाळेत जाणारी. तिचा नवरा शॉपचा टेम्पो चालवायचा. प्रेसवर बायका बसवतात, कारण बायकांचा हात चपळ असतो असं म्हणतात. हे कौतुक नाही. पुरुष जास्त पगार मागतो आणि प्रश्न विचारतो, एवढाच त्याचा अर्थ. तिला सांगितलं ते एवढंच: पट्टी ठेव, पेडल दाब, पट्टी काढ. त्या दोन खांबांचं काम काय हे तिला कुणी सांगितलं नाही. बंद पडलेल्या वस्तूबद्दल काय सांगायचं?

थंडी पडू लागली तेव्हाची गोष्ट. एक पट्टी डायला चिकटून बसली. ती काढायला तिने उजवा हात आत घातला. पाय पेडलवर होता, कारण दिवसभर तो तिथेच असतो. पुढचं मी लिहीत नाही. अंगठा आणि करंगळी राहिली.

मी तळेगावला दवाखान्यात गेले. तिचा हात उशीवर ठेवला होता, पांढऱ्या गाठोड्यासारखा. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, “आजी, माजाच पाय पडला. माजंच ध्यान न्हवतं.” पाठ केलेलं बोलावं तसं. तिचा नवरा खिडकीपाशी उभा होता. दवाखान्यात नेताना गाडीतच तिला हे ऐकवायला सुरुवात झाली होती: असं कसं केलंस, लक्ष कुठे होतं तुझं. रक्त वाहत असलेल्या बाईला. ते ऐकवणारे कोण, हे मी तिला विचारलं नाही. गाडी कुणाची होती ते मला माहीत होतं. बाहेर जिन्यापाशी सुपरवायझर भेटला आणि हाराची आणि किल्लीची ती हकिकत त्याने मला तेव्हा सांगितली.

ती घरी आल्यावर पुतण्या माझ्याकडे आला. सोफ्याच्या कडेला बसून त्याने मला समजावून सांगितलं. इंग्रजीत. ह्यूमन एरर. अनसेफ अ‍ॅक्ट. पट्टी काढायला ऑपरेटरला चिमटा दिलेला असताना तिने हात घातला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. ती भाषा मला आवडते. ती अशी वापरलेली ऐकली की तोंड धुवावंसं वाटतं. मी विचारलं, चिमटा कुठे होता? म्हणाला, शॉपमध्ये आहे. मी म्हटलं, आणि सेन्सर? तो म्हणाला, ती तांत्रिक बाब आहे, काकू, तुम्ही त्यात नका पडू.

मग तो कामाचं बोलला. सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होते. ते बाईला विचारतील. बाईने पाय पडला एवढंच सांगितलं की विषय संपला. पण गावात लोक तिचे कान भरतात. तेव्हा मी, घरातली मोठी म्हणून, त्याच्याबरोबर तिच्या घरी जावं, खणानारळाने तिची ओटी भरावी, चार शब्द बोलावेत. तुमचा मान आहे त्या लोकांत, तो म्हणाला. पुढे तिला आपण चहापाण्याच्या कामाला ठेवू.

मी हो म्हटलं. त्याला वाटलं मला पटलं.

परंदवडीत त्यांचं घर रस्त्याला लागूनच आहे. पुढे पत्र्याची पडवी, बाजूला कांद्याची चाळ. आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. सासूने चहा टाकला. पुतण्या हवापाण्याचं बोलला, भाताचं बोलला, पवनेच्या पाण्याचं बोलला. तिच्या नवऱ्याच्या पाठीवर त्याने थाप मारली. नवरा उभाच होता.

मी ओटी भरायला उठले. तुम्ही हे पाहिलेलं नाही म्हणून सांगते. ओटी भरायची तर समोरच्या बाईने पदर दोन्ही हातांत धरून पुढे पसरायचा असतो, त्यात खण, नारळ आणि तांदूळ घालायचे. तिने सवयीने दोन्ही हात पदराकडे नेले. डाव्या हातात पदर आला. उजवं बँडेज पदरावर नुसतं घासत राहिलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. सासू पुढे आली आणि तिने सुनेच्या पदराचं ते टोक धरलं. मी हातात नारळ घेऊन उभी. तो नारळ द्यायला मला ज्याने आणलं होतं तो माझ्या शेजारीच खुर्चीत बसला होता आणि म्हणत होता, “भरा, काकू, भरा.”

मी नारळ खाली ठेवला.

पुतण्या आपलं बोलणं बोलू लागला. झालं ते वाईट झालं, पण आता वाढवण्यात अर्थ नाही, इन्स्पेक्टर साहेब विचारतील तेव्हा पाय पडला म्हणायचं. ती ऐकत होती. मग तिने मान वर केली.

“एवढंच सांगा. ते शेजारचे दोन खांब, ते चालू हुते का बंद? गावात पोरं म्हनत्यात बंद हुते. चालू असते तर म्हनं हात वाचतो.”

“चालू होते,” पुतण्या म्हणाला.

“मंग माजीच चूक.”

“चूक अशी नाही गं. होतं असं कधी.”

“न्हाई. चूक असंल तर चूक म्हना. बोटं गेली ती गेली. पन रातीला झोपताना मला कळाया पायजे, माजी चूक हाय का न्हाई.”

तिला भरपाई नको होती असं नाही. पण त्या क्षणी तिने मागितलं ते हे, आणि माझा पुतण्या तेही द्यायला तयार नव्हता.

मी म्हटलं, “बंद होते. दसऱ्याला यानं किल्ली फिरवली. आरतीचं तबक माझ्या हातात होतं. परत चालू केलं म्हणून दिवाळीत मला सांगितलं, ते खोटं होतं. तुझी चूक नाही.”

 आत चहा उतू गेल्याचा वास आला.

“काकू,” पुतण्या म्हणाला, “घरातलं घरात.”

“तू मला दुसऱ्याच्या घरात आणलंयस.”

तो उठला, गाडीत बसला आणि मला तिथेच ठेवून निघून गेला. चहा न घेता. सासूने माझा चहा पुन्हा टाकला. सून भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचा पुरता विश्वास बसलाय असं मला वाटलं नाही. कित्येक दिवस जे तिच्या कानात घातलं होतं ते एका वाक्याने कसं निघणार?

मला सोमाटणे फाट्यापर्यंत तिच्या नवऱ्याने मोटरसायकलवर सोडलं.  फाट्यावर मी उतरले तेव्हा गाडी बंद न करताच म्हणाला, “तुमचं बरं हाय, आजी. तुमी खरं बोलून लोनावळ्याला जानार. मी उद्या सकाळी टेम्पो कुटं लावू?”

  दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्याकडून टेम्पोच्या किल्ल्या काढून घेतल्या. खरं बोलण्याची किंमत मला मोजावी लागली नाही, ती त्याने मोजली, आणि हेही माझ्या रागात आहे. मी ओळखीच्या लोकांकडे शब्द टाकला. दोघांनी बघतो म्हटलं आणि बघितलं नाही. आता तो मळवली स्टेशनवरून ट्रेकवाल्यांना दुसऱ्याच्या जीपमधून लोहगडवाडीपर्यंत सोडतो. शनिवार-रविवारचं काम. मी दिसले तर नमस्कार करतो, थांबत नाही.

पुतण्याने मग तुमच्या वडिलांना फोन केला. तुमच्या वडिलांनी मला केला. ते म्हणाले, आई, शॉप बंद पडलं तर तिथल्या सगळ्यांचं काय? ही माझ्या मुलाची चिंता खरी आहे असं मी धरून चालते. पण सेन्सर चालू ठेवून शॉप बंद पडत असेल, तर ते शॉप इतके दिवस पत्र्यावर चालत नव्हतं, बोटांवर चालत होतं. हे मी त्यांना फोनवर सांगितलं, आणि तुम्ही दोघे मोठे होऊन कुठे मालक झालात तर तुम्हालाही आत्ताच सांगून ठेवते.

इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी मी रिक्षा करून शॉपवर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. पडवीत जे सांगितलं तेच मी इन्स्पेक्टरना सांगितलं, त्याच शब्दांत, आणि पुतण्याच्या तोंडावर. त्याने हरकत घेतली की काकूंचं वय झालंय. इन्स्पेक्टर मधल्या वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची द्यायला सांगितली.

प्रेसला नवा हिरवा रंग दिला होता. अजून वास येत होता. समोर जाळी बसवली होती, भिंतीला चिमट्यांची रांग टांगली होती. आणि सेन्सर चालू होता. बघा, असं पुतण्या हात पसरून म्हणत होता, सगळं आहे.

बाईला पण बोलावलं होतं. ती सासूबरोबर आली. बँडेज निघालं होतं, हात पदराखाली होता. ती प्रेसपासून लांब, माल ठेवायच्या पिंपाशी उभी राहिली.

इन्स्पेक्टरनी आपल्या पिशवीतून एक लाकडाची दांडी काढली. सुपरवायझरला पेडल दाबायला सांगितलं. पंच खाली निघाला आणि त्यांनी दांडी दोन खांबांच्या मध्ये धरली. पंच अधांतरी थांबला. लाल दिवा लागला. त्यांनी दांडी काढली, पंच वर नेला, पुन्हा पेडल, पुन्हा दांडी. पुन्हा थांबला. ही त्यांची रोजची तपासणी असावी. ते काही लिहायला वळले.

ती पिंपापासून पुढे आली होती. कुणाच्या लक्षात यायच्या आत ती प्रेसजवळ होती.

“हे थांबतं?”

 मला तेव्हा कळलं की तिने ते मशीन थांबताना कधी पाहिलंच नव्हतं. दसऱ्यानंतर बसवलेली बाई. तिच्यासाठी तो प्रेस न थांबणाराच होता, जसा पाऊस न थांबणारा असतो, आणि त्याच्यापासून हात वाचवणं हे सगळं तिचंच काम होतं. ऐकून तिचा विश्वास बसला नव्हता. आता ती बघत होती.

“लाकडापायी थांबतंय,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “लाकडाला थांबतंय हे.”

तिने इन्स्पेक्टरपुढे हात केला, डावा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि दांडी दिली. सुपरवायझर पुतण्याकडे बघू लागला. इन्स्पेक्टर म्हणाले, दाबा पेडल.

पंच निघाला. तिने दांडी धरली. थांबला.

ती पुतण्याकडे वळली. “आता म्हना, माजी चूक.”

तो फोनमध्ये बघत होता. तिने सुपरवायझरला पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा थांबला. पुन्हा लावलं. दर वेळी दांडी थोडी जास्त आत, आणि दर वेळी पंच वरच, लाल दिव्याखाली गप्प. सासू तिला बाजूला घ्यायला आली तर तिने खांद्याने तिला दूर केलं. शेडमधल्या बाकीच्या बायका आपापली मशीन सोडून उभ्या होत्या आणि त्यांना जागेवर जा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

“बस झालं,” पुतण्या शेवटी म्हणाला. “दिसलं ना आता?”

“व्हय,” ती म्हणाली, आणि सुपरवायझरला म्हणाली, “दाब.”